मदत हवी आहे: टीईए घालताच टर्बिनाफिन जेल पांढरं पडतं

१०० ग्रॅमचा फॉर्म्युला: टर्बिनाफिन हायड्रोक्लोराइड (बुरशीविरोधी औषधाचा क्षार) १ ग्रॅम, कार्बोपॉल ९३४ (जेल घट्ट करणारा पॉलिमर) १ ग्रॅम, प्रोपिलीन ग्लायकॉल १० ग्रॅम, इथेनॉल १५ ग्रॅम, पॅराबेन (टिकवण्यासाठी), बाकी पाणी. कार्बोपॉल रात्रभर भिजवलेलं, गुठळ्या नाहीत. औषध इथेनॉलमध्ये विरघळवून घातलं. टीईएने (ट्रायइथेनॉलअमाइन, कार्बोपॉलचं आम्ल उदासीन करणारा अल्कली) पीएच ६.८ ला आणताच सगळं दुधाळ झालं. जेल पातळ पडलं आणि तिसऱ्या दिवशी वर पाणी सुटलं. फ्रान्झ सेलमध्ये (जेलमधून पडद्यापलीकडच्या द्रवात किती औषध सुटतं ते मोजायचं उपकरण; इथे पीएच ७.४ फॉस्फेट बफर, डायलिसिस मेम्ब्रेन) रिलीज, म्हणजे औषध सुटणं, सुरुवातीलाच अडकतो. कार्बोपॉल वाढवू का?

प्रतिसाद १
वाढवू नका, कार्बोपॉल कमी पडलेलं नाही. टर्बिनाफिनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं औषध भारित आणि निम्मं भाररहित बेस असतं तो) ७.१ च्या आसपास आहे. म्हणजे ६.८ ला जवळपास एक तृतीयांश औषध बेसच्या रूपात येतं, आणि बेस पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तोच तुमचा दुधाळपणा. उरलेलं औषध धनभारित असतं, ते कार्बोपॉलच्या ऋणभारित साखळ्यांना चिकटतं. साखळ्या आखडतात, जेल पातळ होतं, पाणी सोडतं.

खात्री करायची तर औषधाशिवाय तेवढ्याच टीईएवर प्लासिबो करा. तो घट्ट आणि पारदर्शक झाला, तर दोष औषध-पॉलिमर जोडीचा.

कार्बोपॉल सोडा, भाररहित एचपीएमसी के४एम (सेल्युलोजपासूनचा जेल घट्ट करणारा पॉलिमर) ३ ग्रॅम घ्या. ३० ग्रॅम पाणी ८० अंशांपर्यंत तापवून त्यात एचपीएमसी भुरभुरवा. उरलेलं पाणी थंडगार ओता, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. औषध २५ ग्रॅम इथेनॉल आणि १० ग्रॅम ग्लायकॉलमध्ये विरघळवून जेल खोलीच्या तापमानाला आल्यावर हळूहळू घाला. एकदम ओतलं तर तंतू पडतात. इथेनॉल उडतं, म्हणून शेवटी वजन पाण्याने भरा. टीईए नकोच. पीएच ५ च्या आसपास राहिला तर उत्तम, त्वचेलाही तोच रुचतो.

धागाकर्ता
गाईडला कार्बोपॉलच हवं आहे. काही मार्ग?

प्रतिसाद १
मग हायड्रोक्लोराइड नाही, टर्बिनाफिन बेस घ्या आणि तो विरघळलेला राहील इतकं इथेनॉल ठेवा. बेस वापरलेली १ टक्का जेल बाजारात आहेत.

प्रतिसाद २
फ्रान्झचा घोळ वेगळा आहे. ७.४ च्या बफरमध्ये बेस विरघळतच नाही, मग रिलीज पुढे सरकणार कसा? आधी रिसेप्टरमधली (मेम्ब्रेनखालच्या द्रवातली) विद्राव्यता मोजा. ती प्रयोगातल्या सर्वाधिक संहतीच्या किमान तिप्पट हवी. बफरमध्ये ३० टक्के इथेनॉल घालून पाहा, तापमान ३२ अंश ठेवा. मेम्ब्रेनखाली बुडबुडा राहिला तर तेवढं क्षेत्रफळ फुकट जातं, सेल तिरका करून काढा.

आणखी एक. डायलिसिस मेम्ब्रेन फक्त जेलमधून औषध सुटतं का एवढंच सांगतं. गजकर्णाची बुरशी शिंगी थरातच राहते, त्यामुळे रिसेप्टरपर्यंत पोचलेल्या औषधापेक्षा त्या थरात किती उरलं ते महत्त्वाचं. त्वचेवर टेप स्ट्रिपिंग करा, म्हणजे चिकटपट्ट्या लावून-ओढून शिंगी थर थोडा थोडा काढा. पहिली पट्टी वेगळी ठेवा, तिच्यावर पुसायचं राहिलेलं जेल येतं.