मदत हवी आहे: घरी केलेला विज्ञानकथेतला युद्धखेळ. पहिली चाल ज्याची, डाव त्याचाच!

नमस्कार.

प्रश्न तसा एका ओळीचा आहे, पण नियम सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मागच्या दिवाळीत माझी मुलगी (वय १०) आणि भाचा (वय १३) यांनी मिळून सोसायटीच्या आवारात किल्ला केला. तुळशीचं लग्न झाल्यावर तो आवरायला घेतला. मावळे वर्तमानपत्रात गुंडाळताना भाचा म्हणाला, “आत्या, हे दरवर्षी नुसता पहारा देतात. यांना एकदा लढू दे ना.” तिथून हे सगळं सुरू झालं. मावळे मातीचे, पडले की मान तुटते, म्हणून ते पेटीत परत गेले. पण टेबलावर सैन्य मांडून, फूटपट्टीनं अंतर मोजून, फासे टाकून लढायचा खेळ मात्र आमच्या घरात राहिला. आता दर रविवारी दुपारी जेवणाचं टेबल आमच्या ताब्यात असतं.

भाच्याला अंतराळाचं वेड आहे, म्हणून गोष्ट मंगळावर नेली. माझं माहेर मेहकर, त्यामुळे लोणार लहानपणापासून पायाखालचं. बेसॉल्टमध्ये आघातानं झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. चंद्र आणि मंगळावरच्या विवरांशी ताडून बघायला शास्त्रज्ञ तिथे येतात. जून २०२० मध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं ते आठवत असेल. खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. आमच्या गोष्टीत हेच सूक्ष्मजीव मंगळावरच्या वस्तीनं एका विवरातल्या तळ्यात वाढवले आहेत. एका बाजूला तळं राखणारे ‘पाणरक्षक’, दुसऱ्या बाजूला बर्फ खणणारे ‘खाणकरी’. दुष्ट कुणीच नाही. दोघांनाही पाणी हवंय, आणि मुलांना हेच फार आवडलंय.

सध्याचे नियम असे: टेबल १२० बाय ७५ सेंमी. प्रत्येक बाजूला आठ सैनिक आणि एक रोबो. सैनिक १५ सेंमी चालतो, बंदूक ६० सेंमीपर्यंत पोचते. नेम लागायला फाशावर ४ किंवा जास्त हवं, लागला की सैनिक बाद. एका बाजूचे सगळे चालून आणि गोळ्या झाडून झाले की मग दुसऱ्या बाजूची पाळी. रोबोला तीन फासे, आणि तीन जखमा झाल्यावर तो बंद पडतो. सैनिकाची किंमत १, म्हणून रोबोची ३ ठेवली, म्हणजे एक रोबो तीन सैनिकांच्या बरोबरीचा धरला.

१४ डावांची नोंद वहीत आहे. त्यातले ११ डाव पहिली चाल करणाऱ्यानं जिंकले. नाणेफेक झाली की हरलेल्याचा चेहराच पडतो, आणि मुलगी तर आता “मग खेळायचं कशाला” म्हणते. हे मला फार लागलं. दुसरं म्हणजे ज्याच्याकडे रोबो जास्त वेळ टिकतो त्याला हरवताच येत नाही. किंमत ३ चुकीची आहे हे दिसतंय, पण किती हवी ते कसं काढायचं?

तिसरी अडचण सैनिकांची. जत्रेतून प्लास्टिकच्या हिरव्या सैनिकांची पिशवी आणली, ते पाच सेंमी उंच आहेत. दुसऱ्या दुकानातून आणलेले जेमतेम अडीच सेंमी. गाड्या मुलीच्या जुन्या खेळण्यांतल्या, छोट्या धातूच्या. एकत्र मांडलं की राक्षस आणि बुटके यांची लढाई वाटते. शिवाय रंग दिला की दोन दिवसांत सालपटं निघतात, आणि हात कापून नवीन बंदूक लावायला गेलं तर झटपट गोंदानंही चिकटत नाही. एकूण खर्चाची मर्यादा १५०० रुपये आहे, त्यातले ६२० झाले. परदेशातून येणारे तयार सैनिक बघितले, पण त्यांच्या एका डब्यात आमचा आख्खा खेळ दोनदा होईल.

कुणी असे खेळ घरी केले असतील तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, तुमची वही बघून आनंद झाला. नोंद ठेवली म्हणूनच रोग सापडतो. कागदावर तुमचाच डाव खेळून बघा. आठ विरुद्ध आठ. पहिल्या बाजूचे आठ फासे, निम्मे लागणार, म्हणजे समोरचे चार उरले. ते चार झाडणार, दोन लागणार, तुमचे सहा उरले. सहा झाडले, तीन गेले. समोर एक. दोन्ही सैन्यं अगदी सारखी असून एक बाजू जवळजवळ साफ आणि दुसरीकडे सहा शाबूत. यात मुलांच्या खेळण्याचा काही दोष नाही, नियमांचा आहे.

यामागचं गणित फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज अभियंत्यानं पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलं. सगळे सगळ्यांवर गोळ्या झाडू शकत असतील तर सैन्याचं बळ संख्येच्या वर्गानं वाढतं. दहा विरुद्ध सहा लढले तर उरतात चार नव्हे, आठ, कारण १०० वजा ३६ म्हणजे ६४ आणि त्याचं वर्गमूळ ८. म्हणून सुरुवातीचा एक घाव सगळा डाव फिरवतो.

उपाय सोप्यापासून सांगतो. पहिला, बाद झालेला सैनिक लगेच उचलू नका. आडवा करून ठेवा, त्या फेरीत त्याला त्याची गोळी झाडू द्या, फेरी संपल्यावर सगळे एकदम उचला. एवढ्यानंच पहिल्या चालीचा बराचसा फायदा जातो. दुसरा, सैनिकांच्या चार-चारच्या तुकड्या करा, रोबो ही वेगळी तुकडी. पत्त्यांतली तीन लाल आणि तीन काळी पानं पिसा. पान उलटा, लाल आलं तर लाल बाजू एक तुकडी हलवणार, काळं आलं तर काळी. पुढे कुणाचं पान येईल हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे वाट बघणारं मूलही टेबलावरून नजर हलवत नाही. माझ्याकडे याच एका बदलानं खेळ जिवंत झाला.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण मूळ दुखणं बंदुकीच्या पल्ल्यात आहे असं मला वाटतं. टेबल ७५ सेंमी रुंद आणि पल्ला ६०. सैनिक १५ चालला की समोरच्या कडेपर्यंत गोळी पोचते. मग चाल रचण्यात काय उरलं? पल्ला ३० करा. आणि टेबलावर आडोसे भरपूर ठेवा, इतके की एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ दोरा ताणला तर कुठेतरी अडलाच पाहिजे. आडोशामागच्या सैनिकाला गोळी लागली तर त्यानं एक फासा टाकायचा, ४ किंवा वर आलं तर वाचला. म्हणजे मरण्याची शक्यता निम्म्यावरून पाव होते.

“खरी बंदूक तर तीनशे मीटर जाते” असं भाचा म्हणेल. म्हणू द्या. अडीच सेंमीच्या सैनिकाच्या मापानं तीनशे मीटर म्हणजे टेबलावर चार मीटरच्या वर. तुमचं लोणार १२० सेंमीत बसवायचं तर सैनिक एक मिलिमीटरचा करावा लागेल. जमिनीचं माप आणि सैनिकाचं माप वेगळं ठेवणं ही या खेळांतली जुनी रीत आहे. अख्खं विवर मांडू नका, काठाचा एक तुकडा आणि तळ्याची एक कड पुरे.

रोबोबद्दल. तीन सैनिकांतला एक मेला की त्यांचे फासे दोन होतात. तुमचा रोबो मात्र दोन जखमा होऊनही तीनच फासे टाकतोय. म्हणून तो तीन सैनिकांना हरवतो, आणि चार असले तर लढत अटीतटीची होते. किंमत ४ करा, नाहीतर प्रत्येक जखमेला एक फासा कमी करा आणि ३ च ठेवा. मी दुसरं निवडेन, कारण मुलांना रोबो लंगडताना दिसतो.

प्रतिसाद ३

सैनिकांचं मी सांगते, माझी निम्मी सुट्टी यातच जाते.

आधी एकच माप ठरवा. तुमच्या त्या छोट्या धातूच्या गाड्या बहुतेक १:६४ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्शाच्या असतील. त्या मापात माणूस २७ मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे अडीच सेंमीचे सैनिक त्यांच्याशेजारी शोभतात, तळाखाली वॉशर लावलं की फरक दिसतही नाही. पाच सेंमीवाले सैनिक म्हणून वापरू नका. त्यांचं डोकं उडवून, एमसीलचा गोल डोम आणि पेनाचं टोपण लावून त्यांचेच रोबो करा! उंच आहेत, ते आपोआप यंत्रं वाटतील.

ते मऊ प्लास्टिक पॉलिथिलीनचं असतं. त्याला ना गोंद धरतो ना रंग. जोडायचं असेल तर दोन्हीकडे टाचणीनं भोक पाडून आत तारेचा तुकडा घाला आणि वरून एमसीलनं सांधा भरा. रंगाआधी भांड्यांच्या साबणानं कोमट पाण्यात घासून धुवा, एक दिवस वाळवा, मग प्लास्टिकसाठीचा प्रायमर. तो महाग वाटला तर पाणी घातलेल्या फेविकॉलचा पातळ हात द्या. पूर्ण वाळल्यावर साधे ॲक्रिलिक रंग, आणि शेवटी वार्निश. तरीही भाला, बंदुकीची नळी असे वाकणारे भाग सोलवटतातच, ते मुळात रंगवूच नका, तसेच छान दिसतात.

आणि कागदाला कमी लेखू नका. जाड कार्डशीटवर तीन सेंमी रुंदीचे रकाने पाडा, साडेतीन सेंमी उंच चित्र, वरच्या घडीपलीकडे त्याची पाठ, खाली तळाला चिकटवायला थोडी पट्टी. ए-फोरच्या एका पानावर २१ सैनिक बसतात. मुलीला काढू द्या. स्वतः काढलेला सैनिक मरतो तेव्हा मुलं फार जीव लावून खेळतात. माझ्या मुलाची कागदी पलटण तीन वर्षं टिकली आहे.

प्रतिसाद ४

एक छोटी भर. सगळंच मरण ठेवू नका, घाबरणंही ठेवा. ६ पडला तर सैनिक बाद, ४ किंवा ५ पडला तर तुकडीशेजारी एक चिंचोका. चिंचोका असलेली तुकडी निम्मंच अंतर चालेल, तीन झाले की दबून बसेल, काहीच करणार नाही. तुकडीची पाळी आली की हलायच्या ऐवजी ती दोन चिंचोके उचलू शकते. मग गोळीबाराचा उपयोग मारण्याइतकाच समोरच्याला अडवून ठेवण्यासाठी होतो, आणि दुसरी तुकडी बाजूनं फिरून जाते.

आणि जिंकायचं कारण मारण्यात ठेवू नका. तुमच्याकडे पाण्याची इतकी सुंदर गोष्ट आहे. तळ्याच्या काठी तीन टाक्या ठेवा, सहा फेऱ्यांनंतर ज्याच्या ताब्यात जास्त टाक्या तो जिंकला.

विज्ञानकथा लिहिणाऱ्या एच. जी. वेल्स यांनीच १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांचे नियम ‘लिटल वॉर्स’ नावानं छापले, आणि त्यात चालीला घड्याळ लावलं होतं. भाचा विचार करत बसत असेल तर दोन मिनिटांचा गजर लावून बघा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रविवार थांबून लिहिते आहे, कारण करून बघितल्याशिवाय उत्तर द्यायचं नव्हतं.

पत्ते, ३० सेंमीचा पल्ला, आडोसे, चिंचोके आणि टाक्या हे सगळं घेतलं. रोबोला प्रत्येक जखमेला एक फासा कमी केला. सैनिक आडवे करून ठेवायचा नियम मात्र सोडला, पत्ते आल्यावर त्याची गरज वाटली नाही आणि मुलं गोंधळत होती. सहा डाव झाले. पहिलं पान ज्याचं आलं त्यानं तीन जिंकले, तीन हरला. सहा डाव म्हणजे फार नाहीत हे कळतं, नोंद चालू ठेवते. पाचव्या डावात मुलीचे दोनच सैनिक उरले होते, भाच्याचे सहा, पण तिचे दोघं दोन टाक्यांना धरून बसले आणि ती जिंकली. त्यानंतर “खेळायचं कशाला” बंद झालंय.

चिंचोके आईनं मेहकरहून पाठवले. कागदी खाणकरी मुलगी काढते आहे, १३ झाले, प्रत्येकाच्या पाठीवर वेगळं हत्यार आहे. खर्च ९४० वर थांबला.

एकच नवी अडचण. विवराचा काठ थर्माकोलचा केला आणि त्यावर स्प्रे मारला, तर तो जागोजागी विरघळून खड्डे पडले. दुसरा काठ करायला घेतलाय.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

स्प्रेमधला द्रावक थर्माकोल खातो. आधी फेविकॉलमध्ये बारीक चाळलेली माती कालवून दोन हात द्या, कुठेही पांढरं दिसता कामा नये. पूर्ण वाळल्यावर स्प्रेऐवजी ब्रशनं ॲक्रिलिक. तळ गडद तपकिरी, वरून कोरड्या ब्रशनं विटकरी. आणि तो खड्डे पडलेला काठ टाकू नका. त्याच्यावरही माती-फेविकॉल द्या, उल्का पडून झालेली जमीन नेमकी तशीच दिसते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

टाकला नव्हता, गच्चीवर आहे. आज रात्रीच पहिला हात देते. माती भाचा चाळतोय.