मदत हवी आहे : डेन्मार्क व्हेसीवरच्या नाटकाचा दुसरा अंक

अमेरिकेतल्या चार्ल्सटनचा सुतार व्हेसी, आधी गुलाम. १७९९ मध्ये १५०० डॉलरची लॉटरी लागली, त्यातले ६०० देऊन त्याने स्वतःची सुटका विकत घेतली. बायकोमुलं मात्र गुलामच राहिली. नाटकाचा जीव इथेच आहे. अडचण पुढे येते. १८२२ मध्ये त्याने आखलेला गुलामांच्या उठावाचा कट आधीच फुटला आणि व्हेसीसह ३५ जणांना फाशी झाली. म्हणजे रंगमंचावर लढाईच नाही! खटल्यातले जबाब वाचून दाखवले की अंक रेंगाळतो, शिवाय ते बंद दाराआड, दहशतीत घेतलेले. रंध्याच्या आवाजावर गुप्त बैठकांची लय बांधता येईल का? लोखंडी साखळ्यांच्या खणखणाटात संवाद बुडतात, प्लास्टिकच्या साखळ्यांना वजन दिसत नाही, काय वापरावं? आणि गुलामांच्या तोंडी कोणती मराठी द्यावी? ग्रामीण बोली ऐकली की प्रेक्षक हसायला तयार होतात, ते इथे अजिबात नको.