मदत हवी आहे : ग्वाल्हेरचे अर्ध्या-अर्ध्या मजल्यांचे घर, प्रकार कोणता आणि लिफ्ट कुठे?

नमस्कार मंडळी,

ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात उतारावर बांधलेल्या आमच्या जुन्या घरात आईसाठी लिफ्ट बसवण्याचे घाटत आहे. त्यासाठी नवा नकाशा काढून घेतला, तर ड्राफ्ट्समनने त्यावर सरळ 'डुप्लेक्स' असे लिहून टाकले. लिफ्टवाल्यांनी तेवढ्यावर विसंबून दोन थांब्यांचा खर्च कळवला आणि घर प्रत्यक्ष पाहिल्यावर तो मागे घेतला. तेव्हा आधी घराचा प्रकार तरी नक्की करावा, असे ठरवले आहे.

रस्त्यावरून पाहिले तर घर बैठे वाटते. दरवाज्यातून आत आले की थेट दिवाणखाना लागतो. त्याच्या मागच्या भिंतीशी दोन जिने शेजारी शेजारी आहेत. एक आठ पायऱ्या खाली स्वयंपाकघरात आणि मागच्या अंगणात उतरतो, तर दुसरा आठ पायऱ्या वर, म्हणजे स्वयंपाकघराच्या डोक्यावरच्या निजायच्या खोल्यांकडे जातो. प्रत्येक पायरी सात इंचांची असल्यामुळे दिवाणखान्यापासून दोन्हीकडचा फरक चार फूट आठ इंचांचा, आणि स्वयंपाकघर ते निजायची खोली हे अंतर नऊ फूट चार इंचांचे भरते.

स्प्लिट-लेव्हल, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या मजल्याच्या फरकाने पातळ्या असलेल्या घरांचे जे प्रकार मी आजवर वाचले, ते बहुतेक उत्तर अमेरिकेतले आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः 1950 ते 1970 च्या दशकांत, तिथल्या उपनगरांत अशी घरे भराभर उठली. त्यांतला स्प्लिट-फॉयर, ज्याला बाय-लेव्हलही म्हणतात, ओळखायला सर्वांत सोपा: दार उघडले की पाय कोणत्याही मजल्यावर पडत नाही, तो मधल्या चौथऱ्यावर पडतो आणि तिथूनच वर किंवा खाली जावे लागते. खालचा मजला अर्धा जमिनीत असतो आणि त्याच्या खिडक्या जमिनीलगत दिसतात. साइड-स्प्लिटमध्ये फरक रस्त्यावरूनच दिसतो, कारण एका अंगाला बैठे घर आणि दुसऱ्या अंगाला गॅरेजवर निजायच्या खोल्या असतात. बॅक-स्प्लिट मात्र समोरून साळसूद बैठे दिसते. त्याची दुमजली बाजू मागे असते आणि बाजूच्या गल्लीत गेल्याशिवाय ती कळत नाही. याच्या उलट ते फ्रंट-स्प्लिट. दोन्ही अर्ध्या भागांत दोन-दोन पातळ्या असल्या, तर त्या घराला चार पातळ्यांचे, म्हणजे क्वाड, म्हणतात.

माझ्या मते खरी कसोटी दोनच प्रश्नांची आहे: दारातून आल्यावर पाय मजल्यावर पडतो की चौथऱ्यावर, आणि घराची 'चीर', म्हणजे दोन अर्धे भाग जिथे जुळतात ती रेषा, रस्त्याला समांतर जाते की काटकोनात? बिल्डरांच्या पत्रकांत दिवाणखाना दोन पायऱ्यांनी खोलगट केला तरी त्याला स्प्लिट-लेव्हल म्हणण्याची चाल पडली आहे, ती मला पटत नाही. पोटमाळ्यालाही त्यात धरू नये. आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाचे दोन मजले जमिनीखाली आहेत, पण ते तळघरच. अर्ध्या मजल्याचा त्याच्याशी संबंध नाही. उलट मुंबईतल्या चार्ल्स कोरिया यांच्या 28 मजली कांचनजंगा इमारतीत (1983) घरांच्या आत खरोखरच पातळ्या बदलतात.

या कसोटीने (पाय मजल्यावर, चीर रस्त्याला समांतर) आमचे घर तीन पातळ्यांचे बॅक-स्प्लिट ठरते. अडचण एवढीच की दिवाणखान्याखाली सरपणाची जुनी कोठी आहे. तिचे दार मागच्या अंगणात उघडते, आत मधल्या उंचीचा माणूसही वाकूनच उभा राहतो आणि घरातून तिथे जायला वाट नाही.

आता माझे प्रश्न. ही कोठी चौथी पातळी धरून घराला क्वाड म्हणावे का? मला तसे वाटत नाही, पण जाणकारांनी सांगावे. दुसरा प्रश्न अधिक निकडीचा आहे. लिफ्ट दोन्ही भागांच्या सांध्यावर बसवायची, तर दिवाणखाना एका बाजूला आणि बाकीचे दोन थांबे समोरच्या बाजूला येतात, म्हणजे केबिनला समोरासमोर दोन दारे लागणार. अशी लिफ्ट कोणी राहत्या घरात बसवून घेतली आहे का, आणि चार फूट आठ इंचांवर थांबा देताना काही अडचण आली का? की दोन्ही जिन्यांना सरकत्या खुर्च्या लावून भागेल? तसे केल्यास स्वयंपाकघरातून खोलीत जाताना आईला मध्ये दिवाणखान्यात उठून खुर्ची बदलावी लागेल, आणि तिच्या गुडघ्यांना नेमके तेच झेपत नाही.

शेवटचा मुद्दा छताचा. निजायच्या खोल्यांखालचे छत लोखंडी गर्डरांवर टाकलेल्या इथल्याच दगडी पटियांचे, म्हणजे लांब दगडी फळ्यांचे, आहे. त्यांत सळई नसल्यामुळे पटिया अर्धी कापली तर उरलेला तुकडा अधांतरी राहील, म्हणून लिफ्टसाठी गर्डर ते गर्डर अख्ख्या पटियाच काढाव्या लागतील, असा माझा अंदाज आहे. पटियांच्या छतात अशी वाट काढण्याचा अनुभव असलेल्यांनी कडेला नवा गर्डर टाकला की काँक्रीटची चौकट केली, हे कृपया कळवावे. घराच्या उभ्या छेदाचे मोजमाप तयार आहे. मागाल तर इथेच देतो.