पावसाळ्यात हरिकेन विमानाचं मॉडेल रंगवायचंय (1/72 स्केल, इंफाळ 1944), राउंडेल आणि रंगाबद्दल मदत पाहिजे

शहापूरकर_72
नमस्कार मंडळी, मी 1/72 मधलं (खऱ्याच्या 72 व्या भागाएवढं) हॉकर हरिकेन मार्क टू जोडालोय, आपल्या हवाईदलाच्या 1 नंबर स्क्वॉड्रनचं करायचंय, 1944 ला इंफाळला अर्जन सिंग कमांडर होते ते. इंफाळच का, तर त्याच लढाईत मार्चमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची 4 थी बटालियन इंफाळजवळच्या सांगशाकला लढली, आणि मराठा सेंटर आपल्या बेळगावातलं, त्यामुळं हे विमान मला घरात पाहिजेच. जोडून झालंय, सांध्यात पुट्टी भरून 800 च्या पेपरनं घासलंय. आता अडलंय ते दोन ठिकाणी. डेकल शीटवर (पाण्यात भिजवून लावायच्या चित्रांचा कागद) मधे लाल ठिपका असलेलं ब्रिटिश राउंडेल, म्हणजे विमानावरची गोल खूण, आहे, ते चालतंय का? आणि बाहेर पाऊस थांबायचं नाव घेईना, लॅकर एअरब्रशनं आत्ता मारू की दसऱ्यापर्यंत थांबू?

खानापूर_रोड
लाल अजिबात लावू नका दादा. जपानी विमानावर लाल गोळा असायचा, त्यामुळं गडबडीत आपल्याच विमानावर गोळीबार होऊ नये म्हणून या आघाडीवर राउंडेलमधनं आणि शेपटीवरच्या पट्ट्यातनं लाल काढून टाकला होता. बाहेर गडद निळा, आत फिकट निळा, आकारानं पण लहान. त्याचं वेगळं डेकल मिळतंय, नाही मिळालं तर मास्क (रंग अडवायची चिकटपट्टी) कापून रंगवा. वरनं डार्क ग्रीन आणि डार्क अर्थ, खालनं मीडियम सी ग्रे. पंखावरचे पांढरे पट्टे 1945 च्या सुरुवातीचे, तुमच्या विमानाला नकोत. आणि स्टँडवर नाव लिहिणार असाल तर नुसतं 'इंडियन एअर फोर्स' लिहा, 'रॉयल' हे मार्च 1945 ला लागलं.

उद्यमबाग_पेंटशॉप
पावसाचं मी सांगतो, माझं रोजचं कामच स्प्रेचं आहे. लॅकरचा थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतलं पाणी तिथंच धरतं, मग रंगावर दुधासारखी साय येते. डार्क ग्रीनवर तर लगेच दिसते. जुलै-ऑगस्टात आपल्याकडं भिंतीला ओल येत्या तिथं लॅकर कशाला? पाण्याचं ॲक्रिलिक घ्या, पातळ हात मारा, मधे नीट वाळू द्या. लॅकरच मारायचं असेल तर रिटार्डर (थिनर हळू उडवणारं द्रव) घाला, पाऊस उघडला की दुपारी मारा. कंप्रेसरला वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी बाटली) आहे ना? मारायच्या आधी टाकीतलं पाणी काढा, नाहीतर ऐन पंखावर थेंब फुटतोय. दसऱ्यापर्यंत थांबायची गरज नाही.

निपाणीचा_मॉडेलर
वरच्या दोघांचं बरोबर आहे, माझं सांगणं रंग झाल्यानंतरचं. हल्ली सगळेजण विमानभर चंदेरी ओरखडे मारतात, हरिकेनला तसं करू नका. याचा मागचा भाग कापडाचा आहे, आत लाकडी पट्ट्या आणि वरनं कापड ताणलेलं, तिथं रंग उडाला म्हणून पत्रा कुठनं दिसणार? ओरखडे द्यायचेच तर पायलट चढतो तिथं पंखाच्या मुळाशी, बंदुकीच्या झाकणांवर आणि नाकाच्या पत्र्यांवर, ते पण स्पंजच्या तुकड्यानं अगदी थोडे. एक्झॉस्टची काजळी मात्र मागं लांबपर्यंत द्या, शोभतंय. डेकलच्या आधी ग्लॉस वार्निश मारायचंच, मॅट रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि चंदेरी दिसतंय, शेवटी सगळ्यावर मॅट. अजून एक, नाकाखाली धुळीसाठीचा वोक्स फिल्टर लावलाय का? या भागातल्या बऱ्याच हरिकेनना तो असायचा, हनुवटीसारखा पुढं आलेला.

शहापूरकर_72
लई उपकार झाले सगळ्यांचे! फिल्टर किटच्या फ्रेमवरच आहे, अजून कापला पण नव्हता. आज तो चिकटवतो, सांधा घासतो आणि उद्या ॲक्रिलिक आणतो. राउंडेलचं मास्क कापायला कंपास कटर बेळगावात कुठं मिळतंय कुणाला माहिती आहे का?