हाय-हॅटचं पेडल घरी बनवायचंय, अर्धी उघडी वाजेल असं जमेल का?

तालवेडा_सोलापूर
नमस्कार मंडळी. सेकंडहँड इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घेतलाय. पॅड सगळे ठणठणीत आहेत, हाय-हॅटचं (पायाने उघडझाप होणाऱ्या दोन झांजांचं) पेडल मात्र गेलंय. दाबलं की बंद, सोडलं की उघडी, मधलं काहीच नाही. संथ गाण्यात झांजा जराशा सैल ठेवल्या की जो खरखरीत ‘छिस्स’ येतो, मला तोच पाहिजे. मोड्यूलला (आवाज काढणाऱ्या डब्याला) हाय-हॅट कंट्रोलचा वेगळा जॅक आहे, त्यात स्टीरिओ पिन बसते. नवीन पेडलची किंमत ऐकून दुकानातून परत आलो. सोल्डरिंग येतं. अक्कलकोट रोडला एमआयडीसीजवळ राहतो, वरच्या पत्र्याच्या खोलीत हेडफोन लावून वाजवतो. यूट्यूबवर एकाने आयआर (इन्फ्रारेड उजेडाचा) सेन्सर लावलाय, तसाच लावू का?

ऑक्टापॅडवाला
एवढं कशाला? पेडलखाली दाबाचा सेन्सर चिकटव, दोन वायरी काढ, झालं काम.

मागवाले_काका
दाबाच्या सेन्सरने तुम्हाला पाहिजे ते मिळणार नाही. झांजा अर्ध्या उघड्या असतात तेव्हा पाय जवळजवळ अधांतरी असतो, तिथे दाब कसला मोजणार? मोजायचं ते पेडल किती खाली आलं ते.

पण त्याआधी मोड्यूल काय मागतंय ते बघा. ‘बी१०के’ लिहिलेला साधा पॉट घ्या, म्हणजे फिरवला की रेझिस्टन्स बदलतो तो, १० हजार ओहमचा. बी म्हणजे फिरवू तसा सारख्या प्रमाणात चढणारा. स्टीरिओ पिनच्या टिपला (पुढच्या टोकाला) पॉटचं मधलं टोक, स्लीव्हला (मागच्या भागाला) कडेचं एक टोक. एका हाताने हाय-हॅटच्या पॅडवर काठी मारत राहा, दुसऱ्या हाताने पॉट अगदी सावकाश फिरवा. आवाज टप्प्याटप्प्याने बदलला तर अर्धी लढाई जिंकलात. नाही बदलला तर टिपची वायर रिंगवर (पिनच्या मधल्या कड्यावर) घेऊन बघा, कंपनीगणिक जोडणी वेगळी असते. तरीही नुसतं बंद-उघड होत असेल तर ते मोड्यूल फक्त स्विच ओळखतं, त्याला कितीही भारी पेडल लावा, उपयोग नाही. आणि बाहेरचे ५ व्होल्ट त्या जॅकमध्ये चुकूनही देऊ नका.

व्हिडिओतला आयआर सेन्सर बहुतेक टीसीआरटी ५००० असेल. तो पेडलवर आदळून परत आलेला उजेड मोजतो, त्यामुळे खिडकीतून ऊन आलं की गडबडतो. दुसरं म्हणजे तुमच्याकडची सुताची धूळ. मी टॉवेलच्या मागांचं इलेक्ट्रिकल बघतो. मागावरच्या सेन्सरवर रुईचा थर बसतो आणि पुसल्याशिवाय पुढे काम होत नाही. उघडा सेन्सर लावला तर तुमचंही रोज तेच होईल.

मिडी_मास्तर
मोड्यूल नुसतं स्विचवालं निघालं आणि लॅपटॉपवर वाजवायची तयारी असेल तर ४९ई हॉल सेन्सर (चुंबक किती जवळ आहे ते ओळखणारा) आणि लोहचुंबक. धुळीचा त्रास नाही, घासून झिजतही नाही. चुंबक लांब असताना आकडा जेमतेम हलतो, शेवटच्या सेंटीमीटरभरात धावतो. हाय-हॅटचा आवाजही तिथेच सगळ्यात जास्त बदलतो, म्हणून मला तो फार आवडतो. आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड घ्या, ते यूएसबीवर थेट मिडी (वाद्यांचे डिजिटल संदेश) देतात. पेडलची जागा कंट्रोल चेंज ४ या मिडी संदेशावर ० ते १२७ अशी पाठवायची, पायाने बंद केल्याचा ‘चिक्’ म्हणजे नोट ४४.

तालवेडा_सोलापूर
काका, पॉट लावला. रिंगवर चाललं! टप्पे स्वच्छ ऐकू येतात, रेझिस्टन्स कमी केला की बंद होते. फक्त सगळा बदल पॉटच्या एका टोकाला थोडक्यात उरकतो, पुढे नुसती उघडीच.

मागवाले_काका
झकास, मग आर्डुइनोची गरजच नाही. पूर्ण उघडी जिथे सुरू होते तिथे पॉट थांबवा, पिन जॅकमधून काढा आणि मल्टिमीटरवर रेझिस्टन्स मोजा. समजा ३ के (३ हजार ओहम) आला. आता पॉटच्या जागी एलडीआर, म्हणजे उजेड पडला की रेझिस्टन्स उतरणारा सेन्सर, आणि त्याला समांतर ३.३ के लावायचा, म्हणजे अंधारातही त्याच्या वर जाणार नाही. त्याच दोन वायरी जॅकला.

आता एलडीआर आणि पांढरा एलईडी एका काळ्या नळीत समोरासमोर बसवा. एलईडीला मोबाईलचा ५ व्होल्टचा चार्जर आणि ३३० ओहम. मधे नळीला चीर पाडून त्यातून पत्र्याची पट्टी वरखाली होऊ द्या, पट्टी पेडलला जोडलेली. पट्टीची कड सरळ नको, तिरकी कापा, म्हणजे उजेड एकदम न येता हळूहळू वाढेल. किती तिरकी ते कानाने ठरवायचं, त्यासाठी आधी पुठ्ठ्याची करून बघा. पेडल खाली गेलं की उजेड वाढला पाहिजे, उलटं नको. एलडीआरचा रेझिस्टन्स उजेडात पटकन उतरतो, अंधारात चढायला वेळ घेतो, आणि आपल्याला बंद होतानाच चपळाई लागते.

चिरेच्या दोन्ही बाजूंना मखमलीची पट्टी लावा, धूळ आणि बाहेरचा उजेड दोन्ही अडतात. ग्लू गनवर विसंबू नका. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात तो गोंद मऊ पडतो, नळी हलली की सगळं माप गेलं. नळीवरून वेगळी पट्टी मारून स्क्रूने आवळा.