बंबलबीचं कॉम्प्युटर मॉडेल आपल्या शिवारात चालंल का?

सीडप्लॉट_जाफ्राबाद

राम राम मंडळी. आमच्याकडं दरवर्षी कांदा सीडचा प्लॉट असतो, ज्यांनी सीड केलंय त्यांना माहितीच हाय की सगळा खेळ मधमाशीवर हाय. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतं, त्यामुळं माशी फिरली नाही तर गोंडा वरून भरलेला दिसतो आणि हातावर चोळला की आत बी नाही. अलीकडं माशी लई कमी दिसायलीय.

परवा वाचलं की इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठानं बी-स्ट्यूअर्ड नावाचं सॉफ्टवेअर काढलंय, 2021 ला त्याची माहिती छापून आली, फुकट हाय. शेताचा नकाशा टाकायचा, कुठं कधी काय फुलतं ते भरायचं, मग बांधावर अमुक लावलं तर पुढच्या वर्षांत बंबलबीच्या (तिकडची जाडजूड केसाळ रानमाशी) वसाहती वाढतील का घटतील हे कॉम्प्युटरवरच बघायचं. झाड लावायच्या आधीच अंदाज! आपल्याकडं हे चालतं का? माझ्याकडं बांधाला जागा थोडी, पाणी त्याहून थोडं, जे लावीन ते विचार करूनच लावायचंय.

नकाशेवाला_परभणी

दादा, सरळ सांगतो, बंबलबी आपल्याकडं नाहीच, भारतात ती हिमालयाच्या थंड पट्ट्यात. आणि त्या मॉडेलमधली फुलं, ऋतू सगळं तिकडचं. त्यामुळं जसंच्या तसं नाही चालणार.

पण ते विचार कसा करतं ते बघा. त्यात एकेक माशी वेगळी धरलेली असते. राणी हिवाळाभर जमिनीत पडून राहते, वसंतात एकटीच बाहेर येते, बऱ्याचदा उंदराच्या जुन्या बिळात घर करते आणि पहिली कामकरी तयार होईपर्यंत सगळं तिलाच आणावं लागतं. मधमाशीसारखा मोठा साठा तिच्याकडं नसतो, थोड्या दिवसांचंच खाणं असतं, म्हणून मधी फुलांचा खंड पडला की वसाहत संपली. ब्रिटनमध्ये 1930 नंतर फुलांची कुरणं जवळपास 97 टक्के गेली, तेव्हा कोणत्या महिन्यात खंड पडतो हे शोधणं त्यांच्यासाठी जीवनमरणाचं काम हाय.

आपल्याला जवळचं म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठाचं इनव्हेस्ट नावाचं सॉफ्टवेअर, तेपण फुकट. त्यातल्या परागीभवनाच्या भागाला कुठलीही माशी चालते, फक्त सांगावं लागतं की जमीन कशाखाली हाय, घरटं करायला जागा कुठं, कोणत्या हंगामात किती फूल आणि माशी किती लांब उडते. अडचण नकाशाची. सेंटिनल-2 उपग्रहाचे फोटो फुकट मिळतात पण एक ठिपका 10 मीटरचा, आणि आपला बांध एकदीड मीटरचा! म्हणजे ज्याच्यावर माशी जगते तेच नकाशात दिसत नाही. बांध आणि ओढ्याचा काठ हातानं काढून घ्यावा लागतो.

मोहळ_पेटीवाला_बीड

नकाशा नंतर काढा, आधी फुलांचं कॅलेंडर काढा भाऊ. मी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो म्हणून सांगतो. उन्हाळ्यात खंड पडतो असं सगळ्यांना वाटतं पण कडुनिंब, करंज तेव्हाच फुलतात, पावसाळ्यात बाभूळ, नंतर बोर, मग तूर. तूर संपली की कांदा फुलावर येईपर्यंत जो मधला काळ हाय ना तिथं मार बसतो. आधी तिथं करडई, जवस असायचं, आता सोयाबीन काढलं की हरभरा, आणि हरभऱ्यावर माशीला फारसं काही मिळत नाही. तुमचा कांदा फुलायच्या आधीच माशी दुसरीकडं गेलेली असते.

धने टाका कडेनं, पण असे टाका की कांदा फुलायच्या आत त्यांचं फूल संपलं पाहिजे. कांद्याच्या फुलातल्या रसात पोटॅशियम जास्त असतं, माशीला तो तेवढा आवडत नाही, शेजारी धने फुललेले असले तर ती तिथंच बसल. ही तारीख मागंपुढं झाली तर फायदा सोडा, नुकसानच.

आणि फुलोऱ्यात फुलकिड्यासाठी थायामेथोक्झाम (माशीलाही मारणारं कीटकनाशक) मारणार असाल तर यातलं काहीच करू नका.

वांगी_टोमॅटो_तुळजापूर

सगळे फुलंच बघायलेत, माशीनं राहायचं कुठं? आमच्या गोठ्याच्या जुन्या वाशाला बोट जाईल एवढी गोल भोकं हायत, खाली भुसा पडलेला असतो, तो काळा भुंगा. मालक म्हणायले वासा बदला, मी बदलू दिला नाही. वांग्या-टोमॅटोच्या फुलात पराग नळीत बंद असतो, फूल गदगदा हलवल्याशिवाय बाहेर पडत नाही, मधमाशीला ते जमत नाही. परदेशात ते काम बंबलबी करते आणि आपल्याकडं हा भुंगा. तुरीच्या फुलाची पाकळी दाबून उघडायलाही असाच दणकट किडा लागतो. वाळलेलं लाकूड सगळं जाळून टाकायचं, बांध कोरून कोरून सरी काढायची आणि मग माशी नाही म्हणायचं, हे कसं चालंल? जमिनीत घर करणाऱ्या माश्यांना न नांगरलेली जागा बांधावरच तर राहिलीय. नकाशेवाल्या दादांनी घरट्याच्या रकान्यात हे धरावं.

सीडप्लॉट_जाफ्राबाद

ताई, पेटीवाले भाऊ, लई कामाचं सांगितलंत. पण मला आता वाटायलंय की एकट्याच्या बांधानं भागणार नाही. आग्या माशी काही किलोमीटर उडते, माझ्या शेतात तिचं किती भागणार. पोकरामध्ये (सरकारचा कृषी संजीवनी प्रकल्प) गावोगावच्या पाण्याचा ताळेबंद मांडला ना, किती पडलं, किती मुरलं, कोणत्या पिकाला किती लागतं, तसा फुलांचा ताळेबंद अख्ख्या शिवाराचा मांडता येईल का?

नकाशेवाला_परभणी

येतो, आणि तोच बरोबर आकार हाय कामाचा. गावाचा गटवार नकाशा घ्या, दर महिन्याला एक रकाना, प्रत्येक गटात त्या महिन्यात काय फुललंय तेवढंच लिहा, तणसुद्धा. वाळलेली झाडं आणि न कोरलेले बांध वेगळ्या रंगानं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आधी भरा, बाकीचं मागून. तेवढं आलं की इनव्हेस्टमध्ये मी घालतो आणि धने कोणत्या गटात टाकले तर कुणाकुणाच्या सीडला पोचतात ते इथंच टाकतो.