सार्वमत, जनमत की कौल? केनियाच्या राज्यघटनेवरून पडलेला प्रश्न

घाटमाथा:
नमस्कार मंडळी. केनियाच्या राज्यघटनेवरचा एक लेख अकरावी-बारावीच्या मुलांसाठी मराठीत करतेय आणि पहिल्याच वाक्याला अडकून बसलेय. वाक्य काही अवघड नाही, ४ ऑगस्ट २०१० ला केनियात रेफरेंडम, म्हणजे एका प्रश्नावर थेट लोकांचं हो-नाहीचं मतदान, झालं आणि लोकांनी नवी राज्यघटना मंजूर केली, एवढंच. पण रेफरेंडमला लिहू काय? पुस्तकात सार्वमत असतं हे माहितीये, पण वर्गात मुलांना विचारलं तर निम्म्यांनी सांगितलं की सार्वमत म्हणजे सगळ्यांचं एकच मत होणं. आणि केनियात तर तसं नव्हतंच ना, जवळपास ६१ लाख लोक हो म्हणाले आणि २८ लाखांच्या आसपास नाही म्हणाले, एवढ्या माणसांना आपण एका शब्दात गिळून टाकायचं का? जनमत लिहावं तर ते नुसतं लोकांना काय वाटतं एवढंच झालं, जनमत चाचणी म्हटलं की निवडणुकीआधीचे टीव्हीवरचे सर्व्हे डोळ्यासमोर येतात आणि लोकमत म्हटलं की पेपर. काय करू सांगा.

दुसरं म्हणजे, याला घटनादुरुस्ती म्हणायचं का घटनाबदल का नवी घटना? तिन्ही शब्द लोक सरमिसळ वापरतात म्हणून विचारतेय.

नगरचा:
ताई आमच्या नगरकडे सार्वमत म्हटलं तरी पेपरच आठवतो :) पण शब्द तोच बरोबर आहे, ब्रेक्झिटच्या वेळी सगळ्यांनी सार्वमतच छापलं होतं.

काळा कोट:
सार्वमतमधला सार्व म्हणजे एकमत नव्हे. सार्वजनिक, सार्वत्रिक, सार्वभौम हे शब्द बघा, सगळ्यांशी संबंधित, सगळ्यांसाठी खुलं असा अर्थ आहे. सार्वजनिक नळ म्हणजे सगळ्यांनी एकदमच पाणी भरायचं असं थोडंच आहे, कुणीही भरू शकतं. तसं सार्वमत म्हणजे सगळ्यांना मत विचारलं, सगळ्यांचं मत जुळलं असं नाही, त्याला आपल्याकडे एकमत हा शब्द आहेच की. मुलांना हे एकदा नीट सांगितलं तर गोंधळ राहणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ठाम देतो. २०१० चं घटनादुरुस्ती नव्हे, नवी राज्यघटना. केनियाची पहिली घटना १९६३ ला स्वातंत्र्याबरोबर आली आणि मग संसदेतच तिच्यात दुरुस्त्या होत गेल्या. १९८२ ला तर देशात एकच पक्ष राहील असं घटनेतच घालून टाकलं आणि १९९१ ला ते काढलं, लोकांना दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही. या झाल्या दुरुस्त्या. २०१० ला ती अख्खी घटनाच बाजूला ठेवून दुसरी आणली. घर डागडुजी करणं वेगळं आणि पाडून नवं बांधणं वेगळं, तेवढा फरक शब्दात राहू द्या.

मटाटू:
मी नैरोबीत १९९९ पासून आहे, दोन्ही रेफरेंडम डोळ्यांनी बघितलीत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो, सहन करा.

ताई, तुमच्या लेखात २०१० च्या आधीचं २००५ आलंय का? नसेल तर घालाच. कारण इथे लोकांनी पहिल्यांदा नाही म्हटलं आणि मग हो म्हटलं, आणि पहिल्या नाहीला वगळलं तर दुसऱ्या होची किंमतच कळत नाही. २१ नोव्हेंबर २००५ ला झालं ते. आधी बोमास ऑफ केनिया या नैरोबीतल्या सांस्कृतिक केंद्रात घटनेसाठी मोठी परिषद भरली होती, देशभरातून प्रतिनिधी, महिनोन्‌महिने चर्चा, त्यातून जो मसुदा निघाला त्यात राष्ट्राध्यक्षाचे अधिकार बरेच कापले होते. पण सरकारने तो पुढे बदलून घेतला आणि राष्ट्राध्यक्ष पुन्हा तगडा करून ठेवला, आणि मग तो बदललेला मसुदा लोकांपुढे आणला. होला खूण होती केळं आणि नाहीला संत्रं, वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. इथे बाजारात भाजीवाल्या बाया केळी विकतानासुद्धा लोक राजकारण बोलायचे. संत्रं जिंकलं, ५८ टक्क्यांच्या आसपास लोकांनी नाही म्हटलं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष किबाकी यांनी दोनच दिवसांत सगळं मंत्रिमंडळ बरखास्त केलं, कारण राईला ओडिंगांसारखे त्यांचेच मंत्री संत्र्याच्या बाजूने उभे होते. पुढे त्या संत्र्यावरूनच ऑरेंज डेमोक्रॅटिक मूव्हमेंट हा पक्ष निघाला, अजून आहे.

आता शब्दाचं. इथे स्वाहिलीत रेफरेंडमला म्हणतात कुरा या माओनी. माओनी म्हणजे मतं, विचार, ओना म्हणजे बघणे त्यावरून आलेला शब्द, म्हणजे ज्याला जसं दिसतं तसं. आणि कुरा म्हणजे व्होट, तो मूळ अरबी, त्याचा जुना अर्थ चिठ्ठी टाकणं. मतदान करणे म्हणजे कुपिगा कुरा, पिगा म्हणजे मारणे. आपण शिक्का मारणे म्हणतो ना अगदी तसंच, मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एकदम घरचं वाटलं होतं. घटनेला म्हणतात कातिबा, आपल्या किताबचाच भाऊ. सरकारला सेरिकाली, वकिलाला वाकिली, हक्काला हाकी, नागरिकाला राईया, म्हणजे आपली रयत! अरबी-फारसीतून एक वाट कोकणच्या किनाऱ्याला आली आणि एक मोंबासाला गेली.

पण राईया आणि रयत यात फरक पडलाय बघा. आपल्याकडे रयत म्हटलं की वर कुणीतरी राजा लागतो, तिथे तोच शब्द पासपोर्टवाल्या नागरिकाला लागतो. आणि देशाच्या लोकांना, जनतेला स्वाहिलीत वानांची शब्द वापरतात, एकवचनी म्वानांची, म्वाना म्हणजे लेकरू आणि न्ची म्हणजे देश, भूमी. शब्दशः भूमिपुत्र. पण भाषांतरात भूमिपुत्र लिहू नका ताई, आपल्याकडे त्याला भरती-आंदोलनांचा वेगळाच वास लागलाय, साधं नागरिक किंवा जनता लिहा.

घाटमाथा:
दादा, हे सगळं मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं, मनापासून आभार. वांजिकू हा शब्द माझ्या मूळ लेखात दोनदा आलाय, तो कसा करू? मी सामान्य माणूस केलंय पण फिकट वाटतंय.

मटाटू:
वांजिकू हे इथल्या किकुयू समाजातल्या बायकांमधलं अगदी घरोघरी सापडणारं नाव. मोई राष्ट्राध्यक्ष असताना घटना बदलायची मागणी जोरात होती, लोकांना विचारून करा असं लोक म्हणत होते, तेव्हा मोई म्हणाले की वांजिकूला घटनेतलं काय कळतं. हिणवायला म्हटलं होतं. पण लोकांनी तोच शब्द उचलला आणि उलट लावला, तेव्हापासून वांजिकू म्हणजे जिला विचारल्याशिवाय घटना होऊच शकत नाही ती बाई. मराठीत जवळचा शब्द सोम्यागोम्या आहे, पण तो अजून हिणवण्यातच अडकलाय, उलटा फिरलेला नाही. म्हणून वांजिकू तसाच ठेवा आणि ही गोष्ट दोन ओळीत सांगा. २०१० ला मसुद्याच्या प्रती फुकट वाटल्या होत्या, आमच्या ऑफिसात चहा करणारी बाई मटाटूत, म्हणजे इथल्या प्रवासी मिनीबसमध्ये, बसून तो वाचत यायची आणि जमिनीच्या प्रकरणावर माझ्याशी वाद घालायची, मी तर मतदारसुद्धा नव्हतो. ते बघितल्यापासून मला सामान्य माणूस हा शब्द फार कमी वाटतो.

अबोली:
मी म्हापशाची. केळं-संत्रं वाचून आमची आजी आठवली. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला हेच झालं होतं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं. विलीनीकरणाला खूण फूल, वेगळं राहायला दोन पानं. १ लाख ७२ हजारांवर मतं दोन पानांना आणि १ लाख ३८ हजारांवर फुलाला, फरक ३४ हजारांचा. आमच्या घरातच दोन्ही होतं, आजोबा फुलाचे आणि आजी दोन पानांची, आणि मरेपर्यंत दोघंही आपापल्या जागी ठाम. भाऊसाहेब बांदोडकरांनी त्याआधी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता, मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून, हे मला आजही मोठं वाटतं.

आता मुद्द्याचं. कायद्यात त्याला ओपिनियन पोल म्हटलंय, पण आमच्याकडे मराठीत आणि कोंकणीतही म्हणतात जनमत कौल. सार्वमत कुणी म्हणत नाही. ताईंनी कौल शब्दाचा विचार करावा असं मला फार वाटतं. देवळात कौल लावतात, देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या नाहीतर पानं लावायची आणि उजवी आधी पडते की डावी ते बघायचं, उजवा कौल म्हणजे हो. प्रश्न आधी स्पष्ट मांडावा लागतो, उत्तर हो किंवा नाही एवढंच, आणि एकदा कौल मिळाला की तो पाळायचा, आवडो न आवडो. रेफरेंडम म्हणजे दुसरं काय?

नगरचा:
वा! आणि त्या कुराचा अर्थ पण चिठ्ठी टाकणे, म्हणजे तिकडे पण कौलच की.

काळा कोट:
अबोलीताई, शब्द सुंदर आहे, पण माझी हरकत ऐका. देवळातल्या कौलात माणूस निर्णय घेत नाही, पाकळी पडते. २०१० ला पाकळी पडली नाही, लोकांनी विचार करून ठरवलं. कारण २००७ च्या डिसेंबरच्या निवडणुकीनंतर जे झालं ते सगळ्यांनी भोगलं होतं, अकराशेवर माणसं मेली, सहा लाखांच्या घरात लोक घरदार सोडून गेले, संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांना मध्यस्थी करावी लागली आणि त्या समझोत्यातच नवी घटना करायचं ठरलं होतं. त्यातून ४७ काउंट्या, म्हणजे स्वतःचं सरकार असलेले जिल्हे, आल्या, सुप्रीम कोर्ट आलं, अधिकार नैरोबीतून खाली गेले. याला दैवाचा वास असलेला शब्द नको.

मटाटू:
वकीलसाहेब, कौलाचा तेवढाच अर्थ नाहीये. कौल मूळ अरबी कौल, दिलेला शब्द, वचन. पूर्वी रयतेला जमीन कसायला देताना अभयाचा कौल द्यायचे, कौलनामा. आणि स्वाहिलीतही काउली शब्द आहे, म्हणजे बोलणं, निवेदन. तेव्हा कौल म्हणजे देवाची पाकळी जितकी तितकाच माणसाने दिलेला शब्दही आहे.

अजून एक सांगतो. २०१० ला खुणा फळांच्या नव्हत्या, हिरवा होसाठी आणि लाल नाहीसाठी. जे पुढारी व्यासपीठावर हिरवे आणि आतून लालचं काम करायचे त्यांना लोक कलिंगड म्हणायचे. हा शब्द मराठीत जसाच्या तसा चालेल, समजावून सांगायलाही लागणार नाही.

पायवाट:
मला वाटतं रेफरेंडमच लिहा, पोरांना तोच कळतो.

घाटमाथा:
पायवाट, कळतो म्हणजे ऐकलेला असतो, पण पोटात अर्थ जात नाही. मराठी शब्दावर पोरं निदान चुकीचा अर्थ लावतात, म्हणजे लावायचा प्रयत्न करतात. तिथून शिकवता येतं.

काळा कोट:
आता एक गोष्ट सांगतो जिचा आपल्याशी थेट संबंध आहे. २०२० मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा आणि ओडिंगा यांनी मिळून घटनेत मोठे बदल सुचवले, बीबीआय म्हणजे बिल्डिंग ब्रिजेस इनिशिएटिव्ह म्हणून. तिथल्या घटनेत दोन वाटा आहेत, एक संसदेतून आणि दुसरी लोकांच्या पुढाकारातून, म्हणजे १० लाख नोंदलेल्या मतदारांच्या सह्या गोळा करायच्या. यांनी दुसरी वाट धरली. मे २०२१ ला हायकोर्टाने ते सगळं रद्द केलं आणि निकालात आपल्या १९७३ च्या केशवानंद भारती खटल्याचा आधार घेतला, घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येत नाही हा जो आपल्या सुप्रीम कोर्टाचा सिद्धांत, ज्या खटल्यात मुंबईच्या नानी पालखीवालांनी बाजू मांडली होती, तो. अपील कोर्टानेही ते मान्य केलं. ३१ मार्च २०२२ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने मात्र सांगितलं की हा चौकटीचा सिद्धांत केनियाला लागू नाही, कारण तिथे महत्त्वाच्या कलमांना हात लावायचा तर लोकांकडेच जावं लागतं, ते कुंपण घटनेतच घातलंय. पण बदल तरीही रद्दच राहिले, कारण लोकांचा पुढाकार ही वाट लोकांची आहे, राष्ट्राध्यक्षाने त्या वाटेने यायचं नाही.

मला विचाराल तर या शेवटच्या वाक्यासाठी अख्खा निकाल वाचावा. आपल्या राज्यघटनेत तर सार्वमताची तरतूदच नाही, गोव्यासाठी १९६६ ला वेगळा कायदा करावा लागला होता. म्हणून आपल्याला चौकट कोर्टाने राखावी लागते.

अबोली:
मग वकीलसाहेब तुम्हीच माझी बाजू मांडलीत. तिथे भांडण हेच झालं ना की विचारतंय कोण आणि सांगतंय कोण.

घाटमाथा:
अबोली, तुझ्या या वाक्याने माझी गाठ सुटली बघ. मी इतका वेळ नामाला धरून बसले होते, गोष्ट क्रियापदात होती. मराठीत सार्वमत घेतात आणि कौल देतात. घेणारं सरकार, देणारे लोक. २००५ ला सरकारने सार्वमत घेतलं, आपल्याला हवं ते मिळेल म्हणून घेतलं, आणि लोकांनी उलटा कौल दिला. बीबीआयच्या वेळी घेणारेच देणाऱ्यांच्या जागी येऊन बसले आणि कोर्टाने त्यांना उठवलं. दोन्ही शब्द लागणार आहेत, एकाने भागणार नाही. प्रक्रियेला सार्वमत आणि लोक जे बोलले त्याला कौल.

वाक्य असं केलंय, बघा कानाला कसं लागतंय: ४ ऑगस्ट २०१० रोजी केनियात नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेण्यात आलं आणि ६८ टक्क्यांहून अधिक मतदारांनी तिच्या बाजूने कौल दिला. २७ ऑगस्टला नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये ती लागू झाली.

मटाटू:
घेण्यात आलं काढून झालं करा, बाकी अगदी बरोबर. २०१० चं सार्वमत कुणा एकाने घेतलेलं नव्हतं ताई, वीस वर्षं मागून मिळवलेलं होतं. त्या दिवशी सकाळी सहाच्या आधीपासून आमच्या रस्त्यावर रांग होती, आणि नैरोबीला ऑगस्टात पहाटे चांगलीच थंडी असते.

घाटमाथा:
केलं. झालं.